डिजिटल फॉरेन्सिक्समध्ये मास्टर्स करायचंय, फेलोशिपचं खरं काय ते सांगा

जांबोटीची_पोर:

नमस्कार सगळ्यांना, पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं माकलं सांभाळून घ्या. मी खानापूर तालुक्यातली, जांबोटीकडची. दहावीपर्यंत मराठी मिडियम, मग बेळगावात पीयू, म्हणजे अकरावी-बारावी, आणि व्हीटीयू म्हणजे विश्वेश्वरय्या टेक्निकल युनिव्हर्सिटीच्या एका कॉलेजातनं बीई कॉम्प्युटर सायन्स, २०२४ पासआऊट, सीजीपीए ८.१. आता बेंगळूरात एका कंपनीच्या सॉकमध्ये, म्हणजे सायबर हल्ल्यांवर नजर ठेवणाऱ्या टीममध्ये आहे, सॉक म्हणजे रात्रभर स्क्रीनकडं बघत बसायचं, अलर्ट आला की तिकीट काढायचं आणि वरच्याकडं ढकलायचं, बस्स. वर्ष होत आलं, डोळ्याखाली काळं आलंय आणि शिकले काय तर कॉफी करायला.

डिजिटल फॉरेन्सिक्स, म्हणजे मोबाईल-कॉम्प्युटरमधनं गुन्ह्याचा पुरावा शोधायचं काम, तेच का, तर गेल्या मे मध्ये गावी गेले होते तेव्हा आमच्या वाड्यातल्या एका मावशीच्या खात्यातनं काजूचे आलेले सगळे पैसे गेले. लाईटबिलाचा मेसेज आला, कुणीतरी फोन करून एक ॲप घ्यायला लावलं, संपलं. मी १९३० ला फोन लावून दिला, कंप्लेंट नंबर मिळाला, मग मावशीला घेऊन पोलिसांकडं गेलो तर ते म्हणाले मोबाईल दाखवा. मोबाईल दाखवणार काय, तिच्या पोरानं घाबरून आदल्याच दिवशी दुकानात नेऊन फॉरमॅट मारून आणला होता. ते ॲप गेलं, मेसेज गेले, सगळं गेलं. तिथला एक हवालदार मला म्हणाला, तुम्ही कॉम्प्युटरवाल्या ना, ह्यातनं काय निघतंय काय बघा की. मला काहीच काढता आलं नाही. तेव्हापासनं डोक्यात हेच आहे.

आता मुद्द्याचं. नेटवर बघताना अमेरिकेतल्या युनिव्हर्सिट्यांची पानं सापडली, डिजिटल फॉरेन्सिक्स आणि सायबर सिक्युरिटीला ग्रॅज्युएट फेलोशिप, फी पूर्ण आणि वर वर्षाला ३७,००० डॉलर खर्चाला. बेंगळूरातल्या एका कन्सल्टंटकडं गेले, तो म्हणतोय दोन वर्षाचा खर्च ४५ लाख धरा, आधी लोन काढून चला, फेलोशिप तिथं गेल्यावर मिळतेच मॅडम. बाबांना सांगितलं तर ते काही बोलले नाहीत, खरं दुसऱ्या दिवशी कपाटातनं उतारा काढून बसले होते. चार एकर दहा गुंठे आहे आमचं, भात आणि काजू मिळून. ते बघितल्यापासनं मला झोप नाही.

तर सांगा, ही फेलोशिप खरंच गेल्यावर मिळते का, इथं भारतात ह्या विषयाला पैसे देणारं काही आहे का, आणि आपण सीमाभागातले म्हटल्यावर महाराष्ट्राचं काही आपल्याला लागू होतं का कर्नाटकाचं का दोन्हीकडनं नुसता ठेंगा?


तिसरं_गेट:

ताई, पहिलं काम, तो उतारा कपाटात परत ठेवायला सांग बाबांना. आजच्या आज.

तू जे ३७,००० डॉलर बघितलंस ना ते मला वाटतं सायबरकोअर, म्हणजे स्कॉलरशिप फॉर सर्व्हिस. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचे पैसे असतात, युनिव्हर्सिटीमार्फत वाटतात. पैसे खरे आहेत, खोटं काही नाही. खरं त्या पानावर खाली खाली जाऊन एलिजिबिलिटी वाच, अमेरिकेचा नागरिक पाहिजे नाहीतर ग्रीन कार्ड पाहिजे, आणि शिकून झाल्यावर जितकी वर्षं पैसे घेतले तितकी वर्षं तिथल्या सरकारात सायबरची नोकरी करायची. त्यांना त्यांच्या सरकारी खात्यात माणसं पाहिजेत म्हणून ते पैसे टाकतात, जांबोटीच्या पोरीला कशाला देतील? गेल्यावर मिळतेच म्हणणाऱ्या त्या कन्सल्टंटला एकच प्रश्न विचार, कुठल्या नावाची फेलोशिप, आणि एफ-वन, म्हणजे स्टुडंट व्हिसावाल्याला चालते असं कुठं लिहिलंय ते दाखवा. बघ कसा चहा मागवतो.

आता इथलं. साधा आणि आपल्यासारख्यांचा रस्ता म्हणजे गेट, एमटेकच्या ॲडमिशनची देशपातळीवरची परीक्षा. गेटचा स्कोअर घेऊन फुलटाइम एमटेकला ॲडमिशन घेतलीस की महिना १२,४०० रुपये, २४ महिने. म्हणजे दोन वर्षाचे २,९७,६००. आयआयटी एनआयटीलाच मिळतात असं नाही, एआयसीटीईची, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता असलेल्या कॉलेजातही मिळतात, आणि बदल्यात आठवड्याला आठ-दहा तास लॅब घेणं, पेपर तपासणं असलं काम करायचं. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो. हे एमटेकला, एमएस्सीला नाही, इथं पोरं फसतात, कोर्सच्या नावात सायबर फॉरेन्सिक दिसलं की फी भरून मोकळी आणि मग विचारतात स्टायपेंड कधी येणार.

आता माझी गंमत सांगतो म्हणजे तू तरी सावध राहशील. मी एमटेकला लागलो, पहिल्या महिन्यात सगळ्यांचे पैसे आले, माझे नाहीत. दुसऱ्या महिन्यात नाहीत. शोधत गेलो तर दोन भानगडी निघाल्या. एक तर नाव. आपल्या कर्नाटकाच्या एसएसएलसी मार्क्सकार्डावर माझं नाव आणि मागं इनिशियल, आधारवर नाव, वडलांचं नाव, आडनाव सगळं महाराष्ट्र स्टाईल लांबलचक, आणि बँकेत तिसरंच, कारण तिथल्या क्लार्कनं कन्नडमधनं इंग्रजी केलेलं, त्यात एक टी जास्त. तीन कागदावर तीन माणसं. दुसरी भानगड खात्याची, माझं खातं शाळेत असताना काढलेलं शून्य बॅलन्सवालं, त्यात महिन्याला अमुक इतकेच पैसे येऊ शकतात अशी मर्यादा, तसलं खातं ह्या स्कॉलरशिपला चालतच नाही, साधं सेव्हिंग पाहिजे, तेही एकट्याच्या नावावर, आधार जोडलेलं. हे सगळं सरळ करायला पाच महिने गेले. पाच महिने मेसवाल्या काकूंनी उधारीवर जेवण घातलं, त्यांचे उपकार. तर अर्जाच्या आधी सगळे कागद टेबलावर मांडून अक्षर न् अक्षर जुळवून बघ. दहावी, आधार, पॅन, पासबुक, पासपोर्ट.

आणि कॉलेजातनं आपला आयडी स्कॉलरशिपच्या पोर्टलवर कधी तयार होणार ते ॲडमिशनच्या दिवशीच विचारायचं. माझ्या एका दोस्ताच्या कॉलेजात जबाबदार माणूस रजेवर होता, तारीख गेली, अख्ख्या बॅचचं बोंबललं.


निपाणी_एक्सप्रेस:

तिसरं गेट भाऊ बरोबर बोलालाय, खरं लगेच बाहेरचं दार लावून टाकू नका की. अमेरिका म्हणजेच परदेश असं कुणी सांगितलं?

युरोपात इरॅस्मस मुंडस म्हणून प्रकार आहे, वेगवेगळ्या देशातल्या युनिव्हर्सिट्या मिळून एक मास्टर्स चालवतात, त्यात सायबर सिक्युरिटीचेही आहेत. स्कॉलरशिप मिळाली तर फी नाही आणि महिना १,४०० युरो हातात, जास्तीत जास्त २४ महिने. ह्याला भारतीय चालतात, जगातलं कुणीपण चालतं. स्पर्धा लई आहे, ते मान्य, खरं फॉर्म भरायला पैसे लागत नाहीत आणि तुझ्याकडं ती मावशीची गोष्ट आहे ती एसओपीत, म्हणजे अर्जासोबतच्या निबंधात, जशीच्या तशी लिही, कुठल्यातरी साईटवरनं उचललेलं सिन्स माय चाइल्डहूड लिहू नको.

एस्टोनिया पण बघ. बारका देश, आपल्या बेळगाव जिल्ह्याइतकीसुद्धा वस्ती नाही तिथं, खरं २००७ ला त्यांच्या बँका, पेपर, सरकारी साईट सगळ्यावर सायबर हल्ला झाला आणि तेव्हापासनं ते ह्या विषयात पार मुरलेत, नाटोचं सायबरचं केंद्र पण टॅलिनमध्येच आहे. तिथल्या टॅलटेक युनिव्हर्सिटीत सायबर सिक्युरिटीचा इंग्रजीतनं मास्टर्स आहे.

जर्मनीत बहुतेक सरकारी युनिव्हर्सिटीत फीच नाही, बाडेन-वुर्टेम्बर्ग सोडून, तिथं आपल्यासारख्यांना सेमिस्टरला १,५०० युरो. सारब्रुकेनला सायबर सिक्युरिटीचं नाव मोठं आहे. मात्र वर्षाचे ११,९०४ युरो आधी ब्लॉक अकाउंटला दाखवावे लागतात, म्हणजे अकरा बारा लाख. तुझेच पैसे महिन्याला थोडे थोडे तुलाच परत मिळतात, तरी आधी आणायचे कुठनं हा प्रश्न आहेच. माझा मावसभाऊ गेला तेव्हा तीन नातेवाइकांकडनं गोळा केले, अजून दिवाळीला त्यावरनं टोमणे चालू आहेत.

चेव्हनिंग, म्हणजे ब्रिटन सरकारची स्कॉलरशिप, आत्ता नको, त्याला दोन वर्षाचा अनुभव लागतो, ते तास मोजतात, २,८०० तास. तुझं एकच वर्ष झालंय. पुढच्या वर्षी भर. रात्रपाळी करालीस ना, ते तास तरी कामाला येतील.


कॅम्पातला_बंड्या:

मी मूळचा बेळगाव कॅम्पचा, अमेरिकेत सहा वर्षं झाली, मास्टर्स इथंच केलं, स्वतःच्या खर्चानं, लोन अजून संपलं नाही. त्यामुळं जे सांगतो ते खिशातनं सांगतो.

एमएसला पहिल्या दिवसापासनं फंडिंग मिळणारी पोरं माझ्या बॅचला बोटावर मोजण्याइतकी. दुसऱ्या सेमिस्टरपासनं कुणाला टीए, म्हणजे शिकवायला मदत करायचं काम मिळालं, कुणाला लायब्ररीत काम, व्हिसावर कॅम्पसमध्ये आठवड्याला २० तासच करता येतं, त्यातनं जेवण आणि भाडं निघतं, फी नाही निघत. पीएचडीचं गणित मात्र उलटं, तिथं बहुतेक ठिकाणी फी माफ आणि महिन्याला स्टायपेंड, कारण प्रोफेसरच्या प्रोजेक्टला हात पाहिजे असतात. बीई करून थेट पीएचडीला अर्ज करता येतो हे आपल्याकडं कुणी सांगतच नाही. पण पाच वर्षं, आणि रिसर्चची खरंच आवड पाहिजे, नुसतं अमेरिकेला यायचंय म्हणून पीएचडी करणारे तिसऱ्या वर्षी रडतात, मी बघितलेत.

ऑफर लेटर आलं की त्यात तीन गोष्टी शोधायच्या. ट्यूशन पूर्ण माफ का थोडी, पैसे नऊ महिन्याचे का बारा, आणि इन्शुरन्स कोण भरणार. फेलोशिप हा शब्द बघून हुरळून जाऊ नको, एका युनिव्हर्सिटीनं माझ्या मित्राला फेलोशिप म्हणून दोन हजार डॉलर दिले आणि फी घेतली बावीस हजार. सत्यनारायणाच्या प्रसादासारखं.

पर्ड्यू युनिव्हर्सिटीचं सेरियास हे सायबरचं केंद्र, न्यूयॉर्कचं जॉन जे कॉलेज ही नावं ह्या विषयात चांगली आहेत, यायचंच असेल तर तिथल्या प्रोफेसरांचे पेपर वाचून मेल कर. डिअर सर आय ॲम हार्डवर्किंग असला मेल कुणी उघडत नाही.

४५ लाखाचं लोन काजूच्या बागेवर? नको गं बाई. माझं आपलं मत.


लॅबवाली_अक्का:

मी शहापूरची, आता पुण्यात एका खाजगी फॉरेन्सिक लॅबमध्ये, नऊ वर्षं झाली. सगळे पैशाबद्दलच बोलालेत, मी आधी कामाबद्दल बोलते आणि मग पैशावर येते, कारण जांबोटीची पोर जे काम करायचं म्हणतेय ते नक्की कसलं असतं हे कळल्याशिवाय कोर्स निवडू नये.

टीव्हीवर दाखवतात तसं काही नाही. माझा अर्धा दिवस लेबलं लिहिण्यात जातो. पाकीट आलं, सील बघायचं, फोटो काढायचा, कोणी दिलं कधी दिलं सही. मग हार्ड डिस्क असेल तर ती थेट कॉम्प्युटरला लावायची नाही, मध्ये राइट ब्लॉकर लावायचा, म्हणजे आपण त्यावरनं वाचू शकतो, एक अक्षर लिहू शकत नाही. मग बिट बाय बिट इमेज, म्हणजे हुबेहूब कॉपी काढायची आणि हॅश. हॅश म्हणजे त्या सगळ्या डेटाचा अंगठा समज, एसएचए-२५६ काढलं की ६४ अक्षरांची एक माळ येते, आत कुठं एक स्वल्पविराम बदलला तरी सगळी माळ बदलते. एकदा एक पेनड्राइव्ह आला, पंचनाम्यातला हॅश आणि आमचा हॅश जुळेना. तीन वेळा काढला. शेवटी कळलं की आणणाऱ्यानं वाटेत एका झेरॉक्सच्या दुकानात लावून बघितला होता, फाइल उघडतेय का म्हणून. नुसता लावला आणि काढला. तेवढ्यानंसुद्धा विंडोजनं आपली खूण सोडली. वकिलानं कोर्टात त्या एका गोष्टीवर दीड तास घेतला, आणि मी उभी.

आणि आता ह्याला मागणी का वाढलीय ते पण समजून घे. १ जुलै २०२४ पासनं नवे कायदे आले. डिजिटल पुराव्याला आधी पुरावा कायद्याचं ६५ब होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३, त्यातल्या सर्टिफिकेटचे दोन भाग, एक मशीन ज्याच्या ताब्यात त्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश लिहायचाच. शिवाय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७६(३) नं सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकच्या माणसानं जागेवर जायचं ठरवलंय, राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत. माणसं लागणारच. बेळगावात पण रिजनल फॉरेन्सिक लॅब आहे, म्हणजे ह्या शिक्षणाला घराजवळ नोकरी नाही असं नाही.

आता कोर्स. नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटी, मूळ गांधीनगरची, २०२० मध्ये संसदेनं कायदा करून राष्ट्रीय दर्जा दिला. त्यांचा धारवाडला कॅम्पस आहे आणि गोव्यात फोंड्याला पण. तू खानापुरात गाडीत बसलीस की लोंडा, अळणावर, धारवाड, दुपारच्या जेवणाला घरी. फोंडा तर तुझ्या जांबोटीवरनं चोर्ला उतरलीस की आलंच. एमएस्सी डिजिटल फॉरेन्सिक्स आणि एमएस्सी सायबर सिक्युरिटी त्यांच्याकडं आहेत, कुठला कोर्स कुठल्या कॅम्पसला ते दरवर्षीच्या ॲडमिशन नोटिशीत बघ, आणि एमटेक घेणार असशील तर स्टायपेंडचं मेल करून लेखी उत्तर घे, फोनवर हो म्हणाले होते ह्याला काही अर्थ नाही.

दुसरा रस्ता नेट-जेआरएफ, म्हणजे यूजीसीची परीक्षा आणि त्यातनं मिळणारी रिसर्चची फेलोशिप. यूजीसी नेटमध्ये फॉरेन्सिक सायन्स हा वेगळा विषय आहे, कॉम्प्युटर सायन्स पण आहे. जेआरएफ लागली तर पीएचडीला पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,०००, वर घरभाडं. गंमत बघ, तुझे ३७,००० इथंही आहेत, फक्त डॉलर नाहीत. जेआरएफला वयाची अट ३० आहे, बायकांना पाच वर्षं सूट. आणि चार वर्षाच्या डिग्रीवरसुद्धा आता नेट देता येते, पीएचडीसाठी, मात्र ७५ टक्के पाहिजेत. तुझी टक्केवारी काढून बघ. जुन्या व्हीटीयू स्कीमला सीजीपीएतनं ०.७५ वजा करून दहानं गुणायचं, ८१ धरून बसू नको.

आणि हे सगळं होईपर्यंत हात चालू ठेव. फॉरेन्सिकची सॉफ्टवेअरं बघ, ऑटोप्सी फुकट आहे, एफटीके इमेजर फुकट आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी ह्या सरकारी संस्थेच्या साईटवर सरावासाठी तयार इमेज ठेवल्यात, त्यात एक हॅकिंग केस म्हणून जुन्या डेल लॅपटॉपची आहे, प्रश्नांसकट. ती सोडव, दहा पानांचा रिपोर्ट लिही, प्रत्येक ठिकाणी हॅश लिही. इंटरव्ह्यूला माझ्यासमोर कुणी तो रिपोर्ट घेऊन आलं तर मी त्याचं सर्टिफिकेटांचं फोल्डर उघडतसुद्धा नाही.

त्या मावशीबद्दल. फॉरमॅट मारलेल्या नव्या अँड्रॉइडमधनं तुला काही निघालं नाही ह्यात तुझी चूक नाही, आतला डेटा एन्क्रिप्टेड असतो, फॉरमॅट झाला की किल्ली जाते, आम्हालाही निघालं नसतं. खरं बँकेच्या बाजूचा आणि फोन कंपनीच्या बाजूचा रेकॉर्ड तर फॉरमॅट झाला नाही ना? पोलिस तो मागवू शकतात. कंप्लेंट नंबर घेऊन सायबरच्या पोलिस ठाण्यात, आपल्याकडं सेन म्हणतात त्याला, परत एकदा जाऊन विचारा.


जांबोटीची_पोर:

बापरे, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. अक्का, ते मावशीचं वाचून बरं वाटलं, मी आठ महिने स्वतःलाच शिव्या घालालेय.

कन्सल्टंटला तिसरं गेट दादांनी सांगितला तो प्रश्न व्हॉट्सॲपवर विचारला. ब्लू टिक आली. उत्तर नाही.

टक्केवारी काढली अक्का. ८.१ वजा ०.७५ गुणिले १०, ७३.५. दीड टक्क्यानं गेलं!! पाचव्या सेमला एका पेपरला ताप आला होता तो आठवला. आता काय, आधी मास्टर्सच करावं लागणार ना? आणि माझा सीमाभागाचा प्रश्न कुणी घेतलाच नाही, का मुद्दाम टाळालाय सगळे 😄


उचगावकर_मामा:

टाळत नाही गं पोरी, भात झोडपायला माणसं मिळेनात म्हणून चार दिवस इकडं आलो नाही.

महाराष्ट्राचं असं आहे, महाराष्ट्र हक्क सांगतो त्या ८६५ गावांच्या यादीत तुझं गाव असेल आणि मातृभाषा मराठी असेल तर तिथल्या इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनला आपल्यासाठी वेगळा प्रकार आहे, टाईप ई म्हणतात. माझा पुतण्या त्यातनंच कोल्हापूरला बीईला लागला, गावाचा दाखला आणि शाळेच्या हेडमास्तरांचं मातृभाषेचं पत्र एवढ्यावर काम झालं. मास्टर्सला जाणार असशील तर त्या वर्षीचं माहितीपुस्तक सीईटी सेलच्या साईटवरनं काढून वाच. खरं ॲडमिशन वेगळी आणि पैसे वेगळे. सारथी, म्हणजे मराठा पोरांसाठीची महाराष्ट्र सरकारची संस्था, तिच्यासारख्या फेलोशिपला महाराष्ट्राचा रहिवासी दाखला लागतो, तो तू कुठनं आणणार, तुझा तर सगळा संसार बेळगाव जिल्ह्यात. त्या आशेवर वर्ष घालवू नको.

कर्नाटकाचं, तुमचं ३बी का, म्हणजे राज्याच्या मागासवर्गाच्या यादीतला गट? ते राज्याचं झालं. केंद्राच्या परीक्षेला, म्हणजे गेट काय नेट काय, केंद्राची ओबीसी यादी वेगळी असते, तीत आपली जात आहे का नाही ते एनसीबीसी, म्हणजे केंद्राच्या मागासवर्ग आयोगाच्या साईटवर राज्यवार यादीत बघायचं. राज्याचं सर्टिफिकेट तसंच अपलोड करून पोरं फॉर्म घालवतात. यादीत नसेल तर ईडब्ल्यूएसचं, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाचं बघ, उत्पन्न आठ लाखाच्या आत आणि शेती पाच एकराच्या आत लागते. तुमची चार एकर दहा गुंठे, बसतंय की नाही? आणि अक्कानं सांगितलेल्या त्या ७५ टक्क्याला राखीववाल्यांना ५ टक्के सूट आहे, ईडब्ल्यूएस पण त्यात येतात. मग तुझे ७३.५ पुरून उरतात. सर्टिफिकेट आर्थिक वर्षाचं असतं, एप्रिलनंतर नवं काढायचं, मागच्या वर्षीचं चालत नाही.

कोणी एससी-एसटी पोरं वाचत असतील तर बाहेर जायला केंद्राची नॅशनल ओव्हरसीज आणि कर्नाटकाची प्रबुद्ध स्कॉलरशिप जरूर बघा, ते खरे पैसे आहेत.

लोन काढायचंच झालं तर साडेसात लाखापर्यंतच्या एज्युकेशन लोनला सरकारची हमी असते, जमीन मागत नाहीत. पीएम विद्यालक्ष्मी म्हणून आता आलंय, त्यात नावाजलेल्या कॉलेजांची यादी आहे आणि घरचं उत्पन्न आठ लाखाच्या आत असेल तर दहा लाखापर्यंतच्या कर्जाला व्याजात ३ टक्के सूट. इथल्या कॉलेजाला. अमेरिकेला नाही.


जांबोटीची_पोर:

मामा!!! पुरतंय की मग. मी हे गणित बाबांना फोनवर समजावून सांगितलं, त्यांना नेट काय जेआरएफ काय काही कळलं नाही, फक्त एवढंच विचारलं, म्हणजे जमीन कमी आहे म्हणून फायदा झाला होय? म्हटलं होय. हसले बराच वेळ.

आता असं ठरवलंय, नोकरी सोडत नाही, गेटचा फॉर्म भरते आणि नेट पण देते, कॉम्प्युटर सायन्समधनं, आणि धारवाडची नोटीस आली की ते पण. इरॅस्मसचा एक अर्ज करणारच, निपाणी दादा, एसओपी झाली की तुम्हालाच वाचायला पाठवते. त्या डेलच्या लॅपटॉपची इमेज काल रात्री डाउनलोडला लावली, पीजीच्या वायफायवर, ६१ टक्के झालंय आणि रूममेट शिव्या घालालेत.

शनिवारी गावी यायलेय. ईडब्ल्यूएसला काय काय कागद लागतात?


उचगावकर_मामा:

उतारा, आधार, रेशन कार्ड, बाबांचं उत्पन्न, आणि जुनं जातीचं असेल तर त्यावरचा आरडी नंबर. सगळ्याच्या दोन दोन झेरॉक्स, फोटो चार. बाबांना बरोबर ने, सही त्यांची लागते. आणि शनिवारी दुसरा शनिवार नाही ना ते कॅलेंडरात बघून ये, नाहीतर कुलूप बघून परत जाशील.


तिसरं_गेट:

आणि नाव. सर्टिफिकेट हातात पडलं की खिडकीवरच उभं राहून अक्षर न् अक्षर वाच, टी मोज.


जांबोटीची_पोर:

मोजते दादा 😄 ह्या महिन्यात दुसरा शनिवारच आहे, शुक्रवारची रजा टाकली.